टोकांचा हिशेब: मास स्पेक्ट्रोमीटरवर पॉलिमरची रचना कशी वाचावी

पॉलिमरची बाटली टेबलावर आली की दोन गोष्टी शोधायच्या असतात: साखळी कोणत्या कड्यांची आहे आणि तिच्या दोन टोकांना काय बसलंय. पहिलीचं उत्तर आयआर (अवरक्त स्पेक्ट्रोमीटर) बहुतेक वेळा देतो. दुसरीकडे मात्र तो आंधळा असतो, कारण चाळीस कड्यांच्या साखळीत टोकं फक्त दोन असतात आणि चाळिसांच्या गलक्यात त्यांचा आवाज बुडतो. कारखान्यात अडतं ते तिथेच. पॉलिइथिलीन ग्लायकॉलच्या दोन्ही टोकांना हायड्रॉक्सिल असेल, तर आयसोसायनेट या साखळ्या जोडणाऱ्या रेणूबरोबर ती दोन्हीकडे वाढत जाते. एका टोकाला मेथॉक्सी असेल तर वाढ तिथेच थांबते आणि फोम किंवा कोटिंग मऊ पडतं. आयआरचे दोन आलेख एकमेकांवर ठेवले तर हा फरक जेमतेम दिसतो. मास स्पेक्ट्रममध्ये तो १४ डाल्टनचा (रेणूच्या वस्तुमानाचं एकक) ठसठशीत फरक असतो.

लोटे-परशुराम, महाड, रोहा-धाटाव अशा रासायनिक वसाहतींमध्ये क्यूसीत (गुणवत्ता तपासणीत) नव्यानं लागलेल्यांसाठी, आणि किनाऱ्यावरच्या प्लास्टिकवर काम करणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी, ही पद्धत इथे पायरीपायरीनं मांडली आहे. भर माल्डी-टॉफ या प्रकारावर आहे. त्यात पॉलिमर एका लहान रेणूच्या मॅट्रिक्समध्ये मिसळून धातूच्या प्लेटवर वाळवतात आणि त्यावर लेसर मारतात. मॅट्रिक्स लेसरची ऊर्जा शोषून उडतं आणि साखळीला न तोडता बरोबर वर नेतं. साखळीला सोडियमसारखा एखादा धन आयन चिकटतो, पुढे ती निर्वात नळीतून धावते, आणि धावायला लागलेल्या वेळेवरून तिचं वस्तुमान कळतं. अशा सौम्य आयनीकरणासाठी जपानच्या कोइची तानाका यांना २००२ साली नोबेलचा वाटा मिळाला. त्यांच्या गटानं १९८८ साली प्रथिनांबरोबर पॉलिमरही मोजून दाखवले होते.

आधी नमुना या यंत्राच्या कामाचा आहे का ते पाहा

साखळीला आयन चिकटायला काहीतरी धरायला लागतं. ऑक्सिजन किंवा नायट्रोजन असेल तर सोडियम, पोटॅशियम चिकटतात. पॉलिस्टायरीनमध्ये बेन्झिनचं वलय असतं, त्याला चांदीचा आयन धरतो. पॉलिइथिलीन आणि पॉलिप्रॉपिलीनमध्ये धरण्यासारखं काहीच नसतं. नव्या माणसाचा आठवडा यात हमखास वाया जातो: मॅट्रिक्स बदलतो, मीठ बदलतो, लेसर वाढवतो, आणि शेवटी दिसतं ते प्लास्टिकात घातलेलं अँटिऑक्सिडंट. हे दोन पॉलिमर पायरोलिसिस जीसी-एमएसकडे पाठवा; त्यात साखळी तापवून तोडतात आणि तुकडे वेगळे करून मोजतात.

मिरकरवाड्याच्या किंवा हर्णैच्या बंदरावरून आणलेल्या जाळ्यांच्या तुकड्यांची निवड पाण्यावरच होते. समुद्राच्या पाण्याची घनता १.०२ ते १.०३. पॉलिप्रॉपिलीनची दोरी ०.९० ते ०.९१ ची आणि एचडीपीईचं (जास्त घनतेच्या पॉलिइथिलीनचं) जाळं ०.९४ ते ०.९६ चं, म्हणून दोन्ही तरंगतात. नायलॉन १.१४, पॉलिएस्टर १.३८, ती बुडतात. धाग्यांत हवेचे बुडबुडे अडकले तर नायलॉनही तरंगतं, म्हणून तुकडा पाण्याखाली बोटांनी नीट चोळा. बुडबुडे घालवायला साबणाचा थेंब टाकू नका. साबणातले इथॉक्सिलेट, म्हणजे इथिलीन ऑक्साइडच्या छोट्या साखळ्या, धाग्यात शिरतात आणि मग स्पेक्ट्रमवर ४४ च्या अंतरानं शिखरांची रांग उभी राहते, तिचा जाळ्याशी काही संबंध नसतो.

दुसरी मर्यादा साखळ्यांच्या लांबीतल्या फरकाची. वजनसरासरी आणि संख्यासरासरी वस्तुमानांचं गुणोत्तर साधारण १.२ च्या आत असेल तर माल्डीची सरासरी विश्वासाची. नायलॉन, पीईटी यांचं गुणोत्तर २ च्या आसपास असतं. अशा नमुन्यात हलक्या साखळ्या ओरडतात आणि जड साखळ्या गप्प राहतात, म्हणून स्पेक्ट्रमवरून काढलेलं सरासरी वस्तुमान फारच कमी येतं. कड्या आणि टोकं तरीही बरोबर वाचता येतात. सरासरी हवी असेल तर जीपीसीवर (साखळ्या आकारानुसार वेगळ्या करणाऱ्या यंत्रावर) नमुन्याचे अरुंद भाग पाडा आणि एकेक भाग माल्डीवर घ्या.

किनाऱ्यावरचे दोन शत्रू: मीठ आणि ओल

खाऱ्या वाऱ्यात सोडियम आहे, खाडीलगतच्या विहिरीच्या मचूळ पाण्यात आहे, काचेच्या कुपीतून तो पाझरतो. घामातून सोडियमबरोबर पोटॅशियमही येतं. तुम्ही मीठ घातलं नाही तरी सोडियमची शिखरं येतीलच, फक्त एका थेंबात जास्त, दुसऱ्यात कमी, आणि मध्येच पोटॅशियमची जोडीला. अशा स्पेक्ट्रमचा अर्थ लावताना जीव मेटाकुटीला येतो. उपाय असा की आपल्या पसंतीचा एकच आयन मुद्दाम, ठरावीक प्रमाणात घालायचा म्हणजे बाकीचे मागे पडतात. काचसामान मचूळ पाण्यानं धुतलं असेल तर शेवटी ऊर्ध्वपातित पाण्यानं तीनदा आणि मेथेनॉलनं एकदा खळखळून घ्या.

ओलीचं दुखणं जूनपासून सुरू होतं. आगोटीआधीच डेसिकेटरमधली सिलिका जेल १२० अंशांवर दोन-तीन तास तापवून ताजी करून ठेवा, पुढे रंग बदलला की पुन्हा. फ्रिजमधून काढलेली मॅट्रिक्सची किंवा मिठाची बाटली लगेच उघडू नका. थंड बाटलीत पावसाळी हवा शिरली की आत दव धरतं आणि सोडियम ट्रायफ्लुओरोअॅसिटेट तर बघता बघता पाणी ओढतं. बाटली खोलीच्या तापमानाला यायला अर्धा तास द्या, मगच झाकण फिरवा.

ओल कधीकधी नमुन्याची रचनाच बदलते. पॉलियुरेथेनच्या प्रीपॉलिमरच्या, म्हणजे अर्धवट बनवून ठेवलेल्या साखळीच्या, टोकांना आयसोसायनेट असतात. दमट हवेत ते पाण्याशी लागून अमाइन आणि मग युरिया होतात, आणि तुम्ही मोजता ते कारखान्यात बनलेलं नसतंच. म्हणून नमुना काढल्या काढल्या कोरड्या मेथेनॉलनं टोकं बंद करा. प्रत्येक आयसोसायनेटमागे वस्तुमान ३२.०२६ नं वाढतं, हे हिशेबात वजा करता येतं. हवेनं खाल्लेलं टोक मात्र परत मिळत नाही.

द्रावणं

मॅट्रिक्स, पॉलिमर आणि मीठ अशी तीन द्रावणं लागतात आणि तिन्ही शक्यतो एकाच द्रावकात असावीत. द्रावक वेगळे असले तर थेंब वाळताना जो आधी साका धरतो तो एका बाजूला बसतो, पॉलिमर एकीकडे आणि मॅट्रिक्स दुसरीकडे. लेसर जिथे पडेल तिथे मग फक्त एकच सापडतं.

मॅट्रिक्स कोणतं? नवख्यानं डीसीटीबीपासून सुरुवात करावी. पॉलिस्टायरीनपासून पॉलिइथिलीन ग्लायकॉलपर्यंत ते बहुतेकांना चालतं आणि कमी लेसरवर काम करतं. पॉलिइथिलीन ग्लायकॉल, पॉलिप्रॉपिलीन ग्लायकॉल अशा ध्रुवीय साखळ्यांना डीएचबीही चांगलं, आणि ते स्वस्त आहे. पण डीएचबीचे स्फटिक थेंबाच्या कडेला सुयांसारखे जमतात, मध्ये काही नसतं, त्यामुळे चांगली जागा शोधत फिरावं लागतं. पॉलिस्टायरीन आणि अॅक्रिलिक पॉलिमरांना डिथ्रॅनॉल हा जुना, भरवशाचा पर्याय आहे.

मीठ: ऑक्सिजन असलेल्या साखळ्यांना सोडियम ट्रायफ्लुओरोअॅसिटेट, पॉलिस्टायरीनला सिल्व्हर ट्रायफ्लुओरोअॅसिटेट. चांदीचं मीठ उजेडात काळं पडतं, म्हणून तपकिरी कुपीत, फॉइल गुंडाळून आणि ताजंच करा.

टीएचएफ (टेट्राहायड्रोफ्युरान) या द्रावकातलं सुरुवातीचं प्रमाण असं:

मॅट्रिक्स (डीसीटीबी): २० मिलिग्रॅम प्रति मिलिलिटर
पॉलिमर: ५ मिलिग्रॅम प्रति मिलिलिटर
मीठ: १ मिलिग्रॅम प्रति मिलिलिटर
मिश्रण: १० मायक्रोलिटर मॅट्रिक्स, १ मायक्रोलिटर पॉलिमर, १ मायक्रोलिटर मीठ

हे आकडे पाठ करण्यापेक्षा त्यामागचा हिशेब समजून घेतलेला बरा. डीसीटीबीचं रेणुभार २५० धरलं तर १० मायक्रोलिटरमध्ये सुमारे ८०० नॅनोमोल मॅट्रिक्स आहे. पॉलिमर २००० डाल्टनचा असेल तर १ मायक्रोलिटरमध्ये २.५ नॅनोमोल. म्हणजे प्रत्येक साखळीमागे मॅट्रिक्सचे ३२० रेणू. मीठ साधारण ७ नॅनोमोल, साखळीमागे तीन आयन. पॉलिमर १०,००० डाल्टनचा असेल तर त्याच वजनात साखळ्या एक पंचमांश होतात आणि प्रमाण आपोआप १६०० वर जातं. ते चांगलंच, कारण लांब साखळ्यांना एकमेकींपासून लांब ठेवायला मॅट्रिक्स जास्तच लागतं. शिखरं येत नसली की नवखा माणूस पॉलिमर वाढवतो. बहुतेक वेळा तो कमी करायला हवा असतो.

मीठ वाढवण्याचा मोहही आवरा. जास्त झालं तर सोडियम ट्रायफ्लुओरोअॅसिटेटचे स्वतःचेच पुंजके उडतात. त्यांच्या शिखरांतलं अंतर १३५.९७ असतं, तेवढ्या अंतराची रांग दिसली तर नवीन पॉलिमर सापडला म्हणून हुरळून जाऊ नका, मीठ निम्मं करा.

टीएचएफ ताजा, शक्यतो स्टॅबिलायझर नसलेला घ्या. मात्र असा टीएचएफ उघडा राहिला की त्यात स्फोटक पेरॉक्साइड साठतात, म्हणून बाटलीवर उघडल्याची तारीख लिहा, पेरॉक्साइडच्या पट्टीनं तपासा आणि शंका असेल तर वापरू नका. कुपी काचेची आणि झाकणाला टेफ्लॉनचा थर असावा. पॉलिप्रॉपिलीनच्या ट्यूबमध्ये टीएचएफ ठेवला तर ट्यूबमधला इरुकामाइड उतरतो आणि ३३८.३४ ला दिसतो. प्लॅस्टिसायझर म्हणून वापरला जाणारा डायऑक्टाइल थॅलेट ३९१.२८ ला, सोडियमसह ४१३.२७ ला. ७४ च्या अंतराची रांग सिलिकॉन ग्रीसची. हे आकडे यंत्राशेजारच्या भिंतीवर चिकटवून ठेवा.

थेंब घालणं

मिश्रण पाच-दहा सेकंद हलवा आणि प्लेटवर अर्धा ते एक मायक्रोलिटर ठेवा. काम साधं दिसतं, पण पावसाळ्यात सगळ्यात जास्त स्पेक्ट्रम इथेच बिघडतात. टीएचएफ झपाट्यानं उडतो, उडताना थेंब गार पडतो आणि गार थेंबावर हवेतली वाफ पाणी होऊन बसते. टीएचएफमध्ये विरघळलेलं पॉलिस्टायरीन पाण्याचा स्पर्श होताच बाहेर पडतं आणि मॅट्रिक्सपासून वेगळं होतं. वाळलेला ठिपका धुरकट पांढरा, फुगीर दिसला तर ते हेच. उपाय साधे आहेत: प्लेट आधी ३५ ते ४० अंशांवर कोमट करून घ्या आणि थेंब वाळेपर्यंत त्यावर कोरड्या नायट्रोजनची अगदी हलकी झुळूक सोडा. जोरात सोडली तर थेंब शेजारच्या घरात पसरतो.

एकाच मिश्रणाचे किमान तीन ठिपके घाला. शेजारी कोरा ठिपका, म्हणजे पॉलिमर न घालता मॅट्रिक्स आणि मीठ, आणि त्याच्याही शेजारी कॅलिब्रेशनचा, म्हणजे वस्तुमान आधीच माहीत असलेल्या पदार्थाचा. कोरा ठिपका न घालणारा माणूस साबण, ग्रीस आणि प्लॅस्टिसायझर यांचे अहवाल मोठ्या विश्वासानं लिहितो. प्लेट पूर्ण वाळल्याशिवाय यंत्रात घालू नका, निर्वात व्हायला उगाच वेळ लागतो.

यंत्रावर

सुमारे ५००० डाल्टनपर्यंत रिफ्लेक्ट्रॉन मोड (आयन परतवून जास्त लांब धावायला लावणारा) घ्या. त्यात एका शिखराचे समस्थानिकांचे, म्हणजे एकेक डाल्टननं जड भावंडांचे, दात वेगळे दिसतात. त्यापुढे हळूहळू दात मिटतात आणि लिनिअर मोड (सरळ धावेचा) घ्यावा लागतो. ५०० च्या खालचे आयन वळवून टाकायची सोय असेल तर ती चालू ठेवा, नाहीतर मॅट्रिक्सच्या लोंढ्यानं डिटेक्टर दमतो आणि जड साखळ्या आणखीच कमी दिसतात.

लेसर सगळ्यात खालून सुरू करा. काहीच दिसत नाही तिथून हळूहळू वर या. शिखरं जिथे पहिल्यांदा उगवतात तो उंबरठा. त्याच्या किंचित वर थांबा. पडद्यावरच्या टक्क्यांना फार अर्थ नाही, ते यंत्रागणिक आणि मॅट्रिक्सगणिक बदलतात. लेसर जास्त झाल्याच्या खुणा ओळखायला शिका: तळरेषा वर उचलली जाते, शिखरं रुंद होतात, दात मिटतात, आणि सगळी टेकडी डावीकडे, हलक्या बाजूला सरकते. टेकडी सरकली याचा अर्थ पॉलिमर बदलला असा काढू नका. ठिपक्यावर जागा बदलत ५०० ते २००० शॉट जमवा, एकाच जागी खड्डा पाडू नका.

कॅलिब्रेशनचा ठिपका नमुन्याच्या शेजारचाच वापरा आणि कॅलिब्रंटची वस्तुमानं नमुन्याच्या दोन्ही बाजूंना यायला हवीत. वीज जाऊन आली, एसी बंद होऊन खोली तापली, तर पुन्हा कॅलिब्रेट करा. नळी उष्णतेनं सूक्ष्म लांबते आणि तेवढ्यानंही शेवटचे आकडे हलतात. टोकांचा निकाल त्या शेवटच्या आकड्यांवरच लागतो.

वाचन

सगळं गणित एका ओळीत बसतं: शिखराचं वस्तुमान म्हणजे कड्यांची संख्या गुणिले कडीचं वस्तुमान, अधिक दोन्ही टोकं, अधिक आयन.

लागणारे आकडे, सर्वात हलक्या समस्थानिकांचे: इथिलीन ऑक्साइड ४४.०२६२, प्रॉपिलीन ऑक्साइड ५८.०४१९, मेथिल मेथॅक्रिलेट १००.०५२४, स्टायरीन १०४.०६२६, कॅप्रोलॅक्टम म्हणजे नायलॉन ६ ची कडी ११३.०८४१, डायमेथिलसिलॉक्सेन ७४.०१८८. आयन: सोडियम २२.९८९२, पोटॅशियम ३८.९६३२, चांदी १०६.९०४५.

समजा १८०२.०५, १८४६.०७, १८९०.१० अशी रांग दिसली. अंतर ४४.०२६, म्हणजे इथिलीन ऑक्साइडच्या कड्या. १८०२.०५ मधून सोडियम वजा केला, उरले १७७९.०६. त्यात ४४.०२६२ चाळीस वेळा बसतात, १७६१.०५ होतात. बाकी १८.०१, म्हणजे एका टोकाला हायड्रोजन आणि दुसऱ्याला हायड्रॉक्सिल. हायड्रोजन कडीच्या ऑक्सिजनवर बसून तिथेही हायड्रॉक्सिलच होतं, म्हणून सरळ डायॉल.

त्याच्या शेजारी १८१६.०६ ला दुसरी, बारीक रांग. तशीच वजाबाकी केली तर बाकी ३२.०३ येते, मेथेनॉलएवढी. म्हणजे एका टोकाला मेथॉक्सी. पहिल्या परिच्छेदातली साखळी थांबवणारी साखळी ती हीच.

आता १८१८.०२ ला तिसरी रांग असेल तर सावध व्हा. सोडियम वजा करून बाकी ३३.९८ येते, आणि नवखा लिहून मोकळा होतो की पॉलिमरचं ऑक्सिडेशन झालं, एक ऑक्सिजन वाढला. पोटॅशियम वजा करून पाहा: बाकी १८.०१. तेच डायॉल, फक्त आयन पोटॅशियमचा. सोडियम आणि पोटॅशियममध्ये १५.९७४ चं अंतर आहे आणि ऑक्सिजन १५.९९५ चा, फरक ०.०२१. या वस्तुमानाला हा फरक सुमारे १२ पीपीएम (दहा लाखात १२) भरतो, आणि कॅलिब्रेशन तेवढं चोख नसेल तर आकड्यांवरून निकाल लागणार नाही. मिठावरून लागतो. पोटॅशियम ट्रायफ्लुओरोअॅसिटेट घालून दुसरा ठिपका करा. १८०२ ची रांग ओसरून १८१८ वाढेलच; १८३४ ला काही उगवलं नाही तर तो पोटॅशियमच होता. खरंच ऑक्सिजन असता तर १८१८ चं भावंड १८३४ ला तितक्याच जोरानं उभं राहिलं असतं. किनाऱ्यावर काम करताना ही खातरजमा प्रत्येक नमुन्याला करा, कंटाळा करू नका.

सरासरी वस्तुमानांची चूक इतकीच घातक आहे. बाटलीवर इथिलीन ऑक्साइड ४४.०५३ लिहिलेलं असतं. रिफ्लेक्ट्रॉनमध्ये वेगळे दात दिसत असताना हा आकडा वापरला तर चाळीस कड्यांमागे १.०७ डाल्टनची चूक साचते आणि टोकाला एक हायड्रोजन कमी आहे असं वाटू लागतं. दात दिसत असतील तर हलक्या समस्थानिकांचा आकडा आणि डावीकडचा पहिला दात; दात मिटले असतील तर सरासरीचा आकडा आणि शिखराचा मध्य. पहिला दात नेहमीच सर्वात उंच असतो असंही नाही. साखळीत साधारण ९२ कार्बन झाले की दुसरा दात त्याच्या बरोबरीला येतो, पुढे पहिला खुजा होत जातो. चाळीस कड्यांच्या पॉलिइथिलीन ग्लायकॉलमध्ये ८० कार्बन, म्हणून तिथे पहिला अजून थोडा उंच. वीस कड्यांच्या पॉलिस्टायरीनमध्ये १६० च्या वर कार्बन, तिथे सर्वात उंच दात धरला तर हिशेब चुकलाच.

एकाच शिखरावर निकाल देऊ नका. पंधरा-वीस शिखरं स्प्रेडशीटमध्ये भरून प्रत्येकाची बाकी काढा. बाक्या सगळ्या सारख्या आल्या तर ठीक. कड्या वाढतील तशी बाकी एका दिशेनं सरकत असेल तर कॅलिब्रेशन कललंय. काही जण आलेखावर रेषा बसवून कडी आणि टोक दोन्ही एकदम काढतात. त्यात धोका आहे: कडीत ०.००२ ची चूक चाळीस कड्यांत टोकावर ०.०८ होऊन येते. कडी ओळखली की तिचा खरा आकडा पक्का धरा आणि फक्त बाकी मोजा. बाकी नेहमी एका कडीपर्यंतच कळते हेही लक्षात असू द्या. बाकी १८ आली म्हणजे टोकं १८ ची असतील, किंवा ६२ ची, किंवा १०६ ची. कोणती, ते साखळी कशानं सुरू केली आणि कशानं थांबवली यावरून ठरवायचं. प्लँटचं बॅचकार्ड जवळ ठेवूनच स्पेक्ट्रम वाचा.

पॉलिस्टायरीनमध्ये चांदीचा वेगळाच सापळा आहे. चांदीचे अणू पुंजके करून उडतात आणि त्यांच्यात सुमारे १०७.९ चं अंतर असतं, स्टायरीनचं १०४.१. घाईत दोन्ही सारखेच दिसतात. दहा अंतरं एकदम मोजा. स्टायरीनची १०४१ भरतील, चांदीची १०७९. चांदीची दोन समस्थानिकं जवळजवळ निम्मी-निम्मी असल्यानं खऱ्या शिखराचा दातांचा गठ्ठाही दोन डाल्टननं रुंदावतो, त्याला मिश्रण समजू नका.

जाळ्याच्या धाग्यावर

नायलॉनचा २० ते ३० मिलिग्रॅम धागा बारीक कापा. शेवाळ, कालवांचे कण खरवडून काढा, गोड्या पाण्यानं आणि मग ऊर्ध्वपातित पाण्यानं तीनदा धुवा. मेथेनॉलमध्ये दहा मिनिटं ठेवा, पण ते मेथेनॉल फेकू नका: कॅप्रोलॅक्टम आणि लहान वलयं त्यात उतरलेली असतात, त्याचा वेगळा ठिपका घाला. धागा निर्वातात ६० अंशांवर रात्रभर वाळवा.

टीएचएफमध्ये नायलॉन विरघळत नाही, त्याला हेक्साफ्लुओरोआयसोप्रोपेनॉल किंवा ट्रायफ्लुओरोइथेनॉल लागतं. पहिलं डोळ्यांना आणि त्वचेला फार घातक आहे, म्हणून हूडमध्ये, चष्मा आणि योग्य हातमोजे घालूनच हाताळा. मॅट्रिक्स आणि मीठही त्याच द्रावकात करा.

दहा कड्यांची सरळ साखळी सोडियमसह ११७१.८४ ला येते. तिच्या १८.०१ अलीकडे, ११५३.८३ ला, दुसरी रांग दिसेल. तिची बाकी शून्य, म्हणजे टोकंच नाहीत: ते वलय आहे. नायलॉनमध्ये वलयं असतातच, धागा कुजल्याचा तो पुरावा नव्हे. लहान असल्यानं ती प्रमाणाबाहेर उंचही दिसतात.

नायलॉन ६ की ६६, हा प्रश्न इथे सुंदर सुटतो. ६६ ची कडी २२६.१६८ ची, म्हणजे ६ च्या दोन कड्यांएवढी, अणू न् अणू सारखे. एका शिखरावरून दोन्ही ओळखता येत नाहीत, रांगेवरून येतात. ११३ च्या प्रत्येक पायरीवर शिखर असेल तर ६. एक सोडून एक पायरी रिकामी असेल तर ६६, आणि त्याच्या जोडीला दोन्ही टोकांना अमाइन असलेली रांग, बाकी ११६.१३, किंवा दोन्हीकडे आम्ल असलेली, बाकी १४६.०६, सापडायला हवी. नायलॉन ६ ला ही टोकं येत नाहीत.

नमुना बाहेर पाठवताना

माल्डी यंत्र प्रत्येक वसाहतीत नसतं, नमुना मुंबई-पुण्याला धाडावा लागतो. १० ते २० मिलिग्रॅम पुरे. काचेची कुपी, टेफ्लॉनचं झाकण, बाहेरून सिलिका जेलसह बंद पिशवी. कुपीवरची चिठ्ठी पेन्सिलीनं लिहा, मार्करची शाई द्रावकात उतरते. चिठ्ठीबरोबर एवढं कळवा: अपेक्षित कडी, अंदाजे वस्तुमान, कशात विरघळतो, साखळी सुरू करणारा आणि थांबवणारा रेणू, नमुन्यात आधीपासून असलेला उत्प्रेरक. पोटॅशियम हायड्रॉक्साइडनं बनवलेल्या पॉलिऑलमध्ये (टोकांना हायड्रॉक्सिल असलेल्या पॉलिमरमध्ये) पोटॅशियम उरलेलं असू शकतं, आणि हे सांगितलं नाही तर तिथला माणूस १८१८ च्या रांगेपाशी अडकून बसेल. उत्तरात पीडीएफचं चित्र येऊ देऊ नका, शिखरांच्या आकड्यांची फाइल मागा, आणि त्याबरोबर मॅट्रिक्स, मीठ, प्रमाण, मोड आणि कोऱ्या ठिपक्याचा स्पेक्ट्रम.